थेंब पडला की समजायचं

वहिनी, तुमच्याशी भांडायचं आहे. तेराव्याला निखिल म्हणाला, "काकू, आईबद्दल तुम्ही दोन शब्द बोला," आणि मी पदर तोंडाशी धरून नुसती मान हलवली. सगळ्यांना वाटलं, काकूंना हुंदका आला. कसला हुंदका! राग आला होता मला. पण गोडाचं जेवण वाढलेलं असताना गेलेल्या माणसावर डाफरणं बरं दिसत नाही, म्हणून गप्प बसले. आता पाहुणे गेले, निखिल बंगळुरूला परतला, सई कॉलेजला गेली आहे. आता ऐका.

एसीच्या पाण्यापासूनच सुरुवात करते. आपली भांडणंही तिथूनच सुरू झाली.

दिल्लीत पटपडगंजच्या या सोसायटीत दोघा भावांनी वरखाली फ्लॅट घेतले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "वर थोरला, खाली धाकटा, बरोब्बर क्रमाने." पुढे दोघे गेलेही त्याच क्रमाने, आणि राहिलो आपण दोघी जावा. तुम्ही शाळेत फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या, मी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी कचेरीत आधी टाइपरायटर आणि मग कंप्युटर बडवून. माझ्या घरात मुलगा, सून आणि नात सई. तुमच्या घरात तुम्ही आणि तुमचे रिमोट.

तर तो एसी. तुमच्या एसीची पाण्याची नळी नेमकी माझ्या गॅलरीवर येते. पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या साबुदाण्याच्या चिकवड्यांवर रात्रभर टपटप झाली आणि सकाळी परातीत खळ. मी तणतणत वर आले, तर तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, "शालू, हवेतलंच पाणी आहे ग ते. शुद्ध असतं. खाली बादली ठेव आणि मोगऱ्याला घाल." म्हणजे नळी तुमची, बादली माझी, आणि वर शिकवणी फुकट! ती निळी बादली तेव्हापासून तिथेच आहे. मोगराही आहे, आणि चांगला फुलतो, हे तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. डोक्यावर बसला असतात.

निखिलने सगळं फोनवर आणून दिलं तेव्हा तर तुम्हाला आभाळ ठेंगणं झालं. आई एकटी असते म्हणून त्याने हॉलचा दिवा, खोलीतला हीटर, एसी, सगळं असं करून ठेवलं की तिकडे बंगळुरूत बसून तो इथे दिवा लावायचा. अडीनडीला हाताशी असावं म्हणून सईच्या फोनवरही तेच घालून दिलं. तुम्ही खुर्चीत बसून मला जादू दाखवायचात, "बघ हं शालू," आणि पंखा गरगर. मी म्हणायची, "वहिनी, न बघता कसं काय लावायचं? आणि रिमोटने बंद केलेलं बंद नसतं, निजलेलं असतं. तो एवढासा लाल दिवा जागाच असतो. भिंतीवरचं बटण बंद करत जा." तुमचं ठरलेलं उत्तर, "कचेरीतून निवृत्त झालीस, पण फाइल काही सुटली नाही तुझी. प्रत्येक गोष्टीवर दोन सह्या हव्यात."

हो, हव्यात. एक रिमोटची, एक भिंतीची. यावर आपण किती वर्षं भांडलो आणि किती चहा प्यायलो!

खरं सांगायचं तर तुम्ही बेफिकीर बिलकूल नव्हतात. निखिलची लेक सुट्टीला यायची त्याआधी तुम्ही प्रत्येक रिमोटच्या मागच्या झाकणाला चिकटपट्टी लावून ठेवायचात. "ती बटणासारखी बॅटरी असते ना, पोरं गोळी समजून गिळतात. घसा आतून जळतो ग." माझ्या घरचे रिमोटही मागवून घ्यायचात. आमच्या टीव्हीच्या रिमोटला ती पट्टी अजून आहे. सुनेला ती बघवत नाही, काढायला निघाली होती परवा, तर मी अशी ओरडले की बिचारी दचकलीच.

आणि मग गेल्या हिवाळ्यातलं ते पानिपत.

दाट धुक्याचे दिवस होते. तुमच्या मनात आलं, पानिपतला जाऊन नव्या रजया आणू, तिथे स्वस्त मिळतात आणि फिरणंही होईल. गाडी करून निघालो. अर्ध्या वाटेत तुम्हाला आठवलं की खोलीतलं गॅलरीचं दार उघडंच राहिलं. दिल्लीत दार उघडं राहिलं म्हणजे कबुतरांनी आत संसार मांडलाच म्हणून समजा. तुम्ही लगेच सईला फोन केलात. मी शेजारीच होते, शब्द न् शब्द मला आठवतो. "सई, माझ्या खोलीतलं लावायचं राहिलं ग. तेवढं लाव." सई म्हणाली, "लावते, वरची आजी." झालं. आपण निवांत.

पोर दिल्लीत वाढलेली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. तिच्या मराठीत दार 'बंद' करतात. लावतात ते टीव्ही, दिवा, पंखा, हीटर. रजईत पडल्या पडल्या तिने फोन उचलला, आणि वरची आजी थंडीतून येणार, तिला खोली ऊबदार हवी असेल, अशा मायेने तुमचा हीटर लावून टाकला. आणि हीटरवर तुम्ही धुतलेला स्वेटर वाळत टाकला होतात! कारण काय, तर तो फोनवरून 'बंद' होता. भिंतीवरचं बटण चालूच.

रजयांचे गठ्ठे घेऊन जिना चढलो तर वास. दार उघडलं तर खोलीभर धूर, स्वेटरचा कोळसा, हीटरच्या प्लगचं प्लास्टिक वितळून भिंतीला चिकटलेलं, आणि पडद्याची किनार काळी. गॅलरीचं दार उघडं होतं म्हणून धूर बाहेर जात होता, आणि मीटरजवळचा खटका आपोआप पडला होता म्हणून सगळं तिथेच थांबलं. तुम्ही मटकन पलंगावर बसलात. मग म्हणालात, "शालू, पानिपतला आपण जाऊन आलो आणि पानिपत झालं घरी." मला हसू आलं.

सई रडून रडून लाल झाली. तुम्ही तिला जवळ घेतलंत. "वेडाबाई, तुझं काय चुकलं? दार लावलं की बंद होतं आणि हीटर लावला की चालू होतो, असली भाषा आहे आपली. मीच नीट बोलायला हवं होतं." मग तिने डोळे पुसत विचारलं, "आजी, अजून काय काय लावतात?" आणि तुम्ही बोटांवर मोजायला लागलात. कुकर लावतात, विरजण लावतात, रांग लावतात, झाड लावतात, टिकली लावतात, वाट लावतात, ती तर आज लावलीच आपण. "आणि जीव लावतात," तुम्ही म्हणालात. मग शाळेतल्या बाईंचा आवाज काढून नियम सांगितलात, "आजपासून या घरात नुसतं 'लाव' कोणी म्हणायचं नाही. पूर्ण वाक्य बोलायचं. आणि जे लावलं, त्याच्यापाशी बसायचं. बसायला जमत नसेल तर लावायचं नाही."

भिंतीवरच्या बटणाबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाहीत. 'शालू, तुझं बरोबर होतं,' हे चार शब्द काही तुमच्या तोंडून निघाले नाहीत. मी वाट बघत होते हो! दुसऱ्या दिवशी वर आले तर टीव्हीपासून सगळी बटणं भिंतीवर बंद. मी बघितलं हे तुम्हीही बघितलंत, आणि दोघींनी विषय बदलला.

त्या जळक्या हीटरवरून वेगळं भांडण. मी खाली कबाडीवाल्याला हाक मारली, चलो, घाण जाऊ दे घरातून. तुम्ही वरून ओरडलात, "खबरदार!" मग मला बसवून समजावलंत, "तो कोणीतरी उघडून, तार जोडून पुढे विकेल. थंडीत स्वस्तातला हीटर कोण घेतं, सांग. एका खोलीत चार पोरं घेऊन राहणारी बाई घेते. आणि विकत घ्यायला कोणी आलं नाही तर तारेतल्या तांब्यासाठी उघड्यावर जाळतील, तो धूर आपल्याच नाकात." आणि भाजी कापायच्या कात्रीने तुम्ही त्याची वायर बुडातून कापून टाकलीत, आता कोणी लावू म्हटलं तरी लागायचा नाही. ई-कचरा नेणाऱ्यांची गाडी सोसायटीच्या गेटवर येते तेव्हा द्यायचा ठरलं. गाडी यायची त्या दिवशी कधी मला बरं नसायचं, कधी तुम्ही विसरायचात. तो शेपूट कापलेला हीटर तुमच्या गॅलरीत तसाच राहिला.

होळीच्या सुमारास तुम्हाला चक्कर आली. भिंत धरून खाली बसलात, कपाळाला टेंगूळ. डॉक्टरांनी वयाचं आहे म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. निखिल म्हणाला खोलीत कॅमेरा बसवतो. तुम्ही म्हणालात, "मी काय बँक आहे?" मी म्हटलं, दर दुपारी वर येऊन बघून जाईन. तर तुम्ही माझ्या गुडघ्यांकडे बघितलंत. आणि तेव्हा तो करार झाला. तुमचीच कल्पना.

"उन्हाळा लागलाय. मी जेवून आडवी होताना एसी चालू करते, रोज. थोड्या वेळाने तुझ्या बादलीत थेंब पडायला लागतो. थेंब पडला की समजायचं, वहिनी धड आहेत. नाही पडला, तर वर ये."

काय आवडला होता मला तो करार! ज्या पाण्यावरून इतकी वर्षं भांडलो, त्याचीच मी वाट बघायला लागले. दुपारी घरात मी एकटीच. भांडी आवरून गॅलरीच्या दाराशी खुर्ची ओढून बसायची. वर घरघर सुरू व्हायची, आणि मग टप्. "चला, वहिनी निजल्या," असं मोठ्याने म्हणायची मी, आणि मगच माझी पाठ टेकायची.

एकदा थेंब पडलाच नाही. मी कठडा धरून जिना चढले, धापा टाकत माझ्याकडची किल्ली लावली, तर तुम्ही पुस्तक छातीवर ठेवून ढाराढूर. एसी चालू करायलाच विसरलेल्या. जाग्या झालात, मला खुर्चीत कोसळलेली बघितलंत, आणि उठून माझे गुडघे चेपायला लागलात. "सॉरी ग, शालू. परत नाही होणार असं," म्हणालात.

आणि खरंच परत झालं नाही. त्या दिवसापासून थेंब कधी चुकला नाही. मला वाटलं, वहिनींनी किती मनावर घेतलं!

त्या शेवटच्या दिवशीही चुकला नाही. बाहेर लूचा गरम वारा सुटला होता, गॅलरीची फरशी पोळत होती. वर घरघर झाली, टप् झालं, मी म्हटलं, "चला, वहिनी निजल्या," आणि मीही निजले. छान झोप लागली मला.  चहाच्या वेळी तुम्ही खाली आला नाहीत. आलं घातलेला चहा दोनदा गरम केला आणि मग किल्ली घेऊन वर आले. खोली गार होती. तुमच्या हाताला हात लावला तर तोही गार, आणि क्षणभर वाटलं, एसीमुळेच असेल. मी आधी एसी बंद केला, वहिनी. हाताला ऊब येईल म्हणून वाट बघत बसले तशीच.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही, पण बराच वेळ झालाय, दुपारच्या आधीच. मी म्हटलं, असं कसं होईल? दुपारी त्यांनी स्वतः एसी लावला, मी थेंब ऐकला.  स्वयंपाकघरात तुमचं ताट झाकलेलंच होतं, तरी मी ऐकेना. येईल त्याला सांगत सुटले, "वहिनी जेवणार होत्या, एसी लावून जरा आडव्या झाल्या आणि गेल्या. माझ्या कानांवर आहे."

दुसऱ्या दिवशी घाटावरून परतल्यावर तुमच्या पलंगाशी दिवा ठेवला, दक्षिणेकडे वात करून. बायका आत, पुरुष हॉलमध्ये. निखिल तेवढा आत, भिंतीला टेकून बसला होता. सगळं शांत. आणि तेवढ्यात टूं करून आवाज आला, एसीची झडप उघडली, आणि वाऱ्याचा झोत सरळ खाली दिव्यावर. दिवा गेला.

निखिलच्या सासूबाई किंचाळल्या, "अगं बाई, दिवा विझला!" मग स्वतःचीच जीभ चावून, "विझला म्हणू नये, मालवला म्हणावं." सई माझ्या कानाशी, "आजी, मालवला म्हणजे?" एसी कोणी लावला, म्हणून सगळे एकमेकांकडे बघायला लागले. रिमोट तर खणात. दोघीतिघींनी हात जोडले. निखिलने फोन काढला, बराच वेळ बघत राहिला. "काकू, कोणी नाही लावला. आईनेच रोजचं लावून ठेवलंय. दुपार झाली की आपोआप लागतो."

आणि मला हसू फुटलं. खरंच सांगते, त्या खोलीत, त्या दिवशी, मी खो-खो हसले. कारण तुमचाच दिवा तुमच्याच एसीने घालवला होता, आणि त्याच्यापाशी कोणी बसलं नव्हतं, सगळ्या गप्पा मारत होतो. नियम म्हणजे नियम! मग हसता हसता डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि हसू तिथेच थांबलं.

निखिल म्हणत होता, "मागे फोन करून विचारलं होतं तिने, रोज आपोआप कसा लावायचा. मी म्हटलं, आई, तू तर म्हणतेस न बघता काही लावू नये. तर म्हणाली, अरे निखिल, मी विसरले तर शालू धावत वर येते रे. तिचे गुडघे बघवत नाहीत."

म्हणजे वहिनी, किती दिवस मी एका मशीनला 'चला, निजल्या' म्हणत होते? तुम्ही तिथे धड आहात की नाहीत, त्या थेंबाला काय ठाऊक! सगळ्या घराला पूर्ण वाक्य बोलायला लावलंत, आणि माझ्याशीच अर्धं बोललात? एक शब्द टाकायचा होता. 'शालू, मी विसरते ग, आपण दुसरं काहीतरी ठरवू.' मी सकाळी एक फोन केला असता. तुम्ही भांडं वाजवलं असतंत. अहो, काहीही चाललं असतं! डॉक्टर म्हणतात, कळलं असतं तरी काही करता आलं नसतं. नसेल. पण तुम्ही तशा एकट्या पडून राहिला नसतात. मी जवळ बसले असते. खाली मी झोपले होते आणि वर तुम्ही. हा माझा राग आहे, आणि तो जात नाही.

आणि रागाच्या मधोमध ते गुडघे येतात, तुम्ही चेपलेले. मग कुणावर रागावू? आयुष्यभर तुम्ही माझ्यापेक्षा हुशार, आणि माझ्यावर माया करायला गेलात तेव्हा अशी सईसारखीच चूक केलीत. मायेनेच लावलंत ना, न बघता?

दिवा पुन्हा लावला. निखिल म्हणाला, "काकू, हल्ली रिमोटवर चालणारे बॅटरीचे दिवे मिळतात, रात्री घर जळायची भीती नको." त्याचं चूक नव्हतं, पानिपतचं त्याला माहीत होतं. मी म्हटलं, नको, मी बसते. एसीचं भिंतीवरचं बटण बंद केलं, आणि दिवसकार्य होईपर्यंत आळीपाळीने कोणी ना कोणी बसलोच. सई सगळ्यात जास्त बसली. पोरीला मराठी शब्द येत नाहीत, पण नियम पाठ आहे.

मग आवराआवर. तुम्ही असतात तर शिट्टीच घेऊन उभ्या राहिला असतात. रिमोटमधल्या बॅटऱ्या काढून त्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावली, एकमेकींना लागून पेटायला नकोत म्हणून. बंद पडलेले रिमोट, तो वितळलेला प्लग आणि तुमचा शेपूट कापलेला हीटर गेटवर गाडीत घातला. हीटर देताना हात थांबला हो माझा. वेडेपणाच. गाडीवाला म्हणाला, "माताजी, तार किसने काटी?" मी म्हटलं, "घर की मास्टरनी ने." "अच्छा किया," म्हणाला आणि ठेवून दिला.

जायच्या दिवशी निखिलने विचारलं, "काकू, आता एसीतून आईचं नाव काढायचं ना? उद्या फ्लॅट विकला, एसी दुसऱ्याकडे गेला, तर त्याच्या घरातला एसी आपल्या फोनवरून लागायचा." बरोबर होतं त्याचं. पण 'आईचं नाव काढायचं' हे शब्द मला लागले. आपल्यात नाव काढणं म्हणजे काय आणि हा कुठल्या अर्थाने म्हणतोय! मी म्हटलं, "राहू दे थोडे दिवस."  आणि त्याची टॅक्सी वळल्यावर मी वर आले आणि एसीचं भिंतीवरचं बटण चालू केलं.

हो, मीच. दोन सह्यांवाली.

दुपारी घरघर झाली. टप् झालं. बंद फ्लॅट, आत चिटपाखरू नाही, सगळं माहीत असून माझ्या तोंडून गेलं, "चला, वहिनी निजल्या." आणि तेवढ्यापुरतं बरं वाटलं. मग रोजच. दुपारभर रिकाम्या पलंगाला गारवा देत तो चालायचा, आणि मी खाली ऐकत पडायची.

परवा सई कॉलेजातून लवकर आली. गॅलरीत उभी राहिली, बादलीत बघितलं, वर बघितलं. "आजी, वर कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग एसी कोणी लावलाय?"

 तिचा चेहरा उतरला. तो धूर तिच्या डोळ्यांपुढे आला असणार. हळूच म्हणाली, "आजी, त्याच्यापाशी कोणी बसलं नाहीये." बस, एवढंच. 

किल्ली घेऊन वर आले. खोली अगदी तशीच गार, त्या दिवसासारखी. तुमच्या पलंगावर बसले. वहिनी, मी त्या एसीपाशी बसून राहिले. त्या दुपारी बसायचं राहिलं होतं, ते. मोठ्याने बोलले तुमच्याशी, रागावलेही. बाहेर ऊन कललं. मग निखिलला फोन केला, म्हटलं, "बाळा, नाव काढ." तो म्हणाला, "काकू, काढलं." मग रिमोटने एसी बंद केला, झडप मिटली, तो एवढासा लाल दिवा तेवढा उरला. मी उठून भिंतीवरचं बटण बंद केलं. दुसरी सही.

काल दुपारी मुद्दाम बाजारात गेले. आज मात्र घरीच होते. भांडी आवरली, खुर्ची ओढून गॅलरीच्या दाराशी बसले. वर घरघर झाली नाही. बादली कोरडी. थांबले. तरी नाही. आणि माझे पाय आपोआप उठले, वहिनी. करार होता आपला. थेंब नाही पडला, तर वर यायचं.

कठडा धरून धरून चढले. गुडघे दुखले, तुमची आठवण काढून दुखले. दार उघडलं. खोलीत उकडत होतं, म्हणून गॅलरीचं दार उघडून टाकलं. पलंगाशी जाऊन उभी राहिले. तुम्ही नव्हतात. आले होते मात्र मी, ठरल्याप्रमाणे.

थोडा वेळ बसले. मग गॅलरीत कबुतरं यायला लागली तशी उठले आणि पूर्ण वाक्य बोलले, "वहिनी, मी दार लावते आहे."